बिदरच्या दरबारातला विठू

मंगळवेढ्याचे अंमलदार दामाजीपंत यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांना लुटवली, ही खबर बिदरला पोहोचली आणि त्यांना बांधून आणायला स्वार निघाले. ते स्वार कैद्याला घेऊन परतण्याआधीच दरबारात एक महार येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, कमरेला लंगोटी, डोक्याला फाटके मुंडासे, गळ्यात काळा दोरा, हातात काठी. त्याने लांबूनच जोहार घातला, आपण विठू, मंगळवेढ्याहून आलो, असे सांगितले आणि दामाजीपंतांच्या नावची चिठ्ठी पुढे केली. कोठारातल्या धान्याची किंमत पाठवली आहे, मोजून घ्यावी आणि पावती द्यावी, एवढाच मजकूर. मग त्याने कनवटीची लहानशी थैली उलटी केली. नाण्यांचा ढीग वाढत गेला, मोजणारे दमले, थैली काही रिती होईना. रक्कम पुरी झाल्यावर शिक्क्याची पावती घेऊन तो आला तसा निघून गेला.

इकडे दामाजीपंत स्वारांच्या पहाऱ्यात बिदरची वाट चालत होते. वाटेत स्नान आटोपून त्यांनी पोथी उघडली, तर तिच्यात बादशाही शिक्क्याची पावती. बिदरला पोहोचले तर बेड्यांऐवजी मानपान. बादशहा मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागत होता: तो तुमचा विठू मला आणखी एकदा दाखवा. त्या महाराचे रूप त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. विठू म्हणजे साक्षात विठ्ठल, हे दामाजींना तेव्हा उमगले. चाकरी सोडून ते पंढरपूरला गेले.

ही कथा मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. आज घराघरांत सांगितली जाते ती मुख्यतः महिपतींच्या ‘भक्तविजया’तली, म्हणजे १७६२ मधली. कीर्तनकार ती सांगताना करुणेवर भर देतात. पंढरपूरहून आलेला एक भुकेला ब्राह्मण जेवायला बसल्यावर ताटाकडे बघून रडू लागतो, कारण घरी बायकोमुले उपाशी आहेत. त्याचे ते रडणे ऐकून दामाजी कोठाराची कुलपे काढतात. हा प्रसंग खरोखर हेलावणारा आहे, आणि सत्तेपेक्षा भूक मोठी मानणाऱ्या त्या माणसाबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण मला इथे बोलायचे आहे ते वेषाबद्दल. देवाने कपडे घेतले ते एका माणसाचे होते, एका जातीचे होते. ते कपडे कसे निवडले गेले, कोणी निवडले, आणि ज्याचे होते त्याच्या हाती काय आले, हा इतिहास कीर्तनात येत नाही.

आधी काळ पाहू. परंपरा दामाजींना दुर्गादेवीच्या दुष्काळाशी जोडते. तो दुष्काळ १३९६ पासून दहाबारा वर्षे दख्खन जाळत होता असे मानतात. पण तेव्हा बहमनी सुलतानांची गादी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला होती. अहमदशहाने राजधानी बिदरला हलवली ती १४२२ मध्ये तख्तावर आल्यानंतर. त्यामुळे कथेतला दरबार बिदरचा असेल, तर दुष्काळही नंतरचा हवा. १४६० च्या सुमारास दख्खनमध्ये असा एक दुष्काळ पडला होता आणि जुन्या इंग्रजी गॅझेटियरात तो दामाजीपंताच्याच नावाने नोंदला आहे. हा काळ कथेला जास्त शोभतो.

तेव्हाच्या बिदरचा एक डोळस साक्षीदार आपल्याला लाभला आहे. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या आगेमागे या शहरात राहिला. घोडा विकायला आलेला हा माणूस जुन्नरला अडचणीत सापडला होता. तिथल्या अधिकाऱ्याने त्याचा घोडा अडकवून धर्म बदलण्याची अट घातली होती, त्यातून तो कसाबसा सुटला. पुढे इथल्या मुलखात तो खोजा युसुफ खोरासानी या नावाने वावरला. परक्या प्रदेशात जीव आणि माल सांभाळायला त्याने दुसऱ्याचे नाव पांघरले, आणि तसे स्वच्छ लिहूनही ठेवले. बिदरमधले अमीर चांदीच्या पालख्यांतून मिरवतात, त्यांच्यापुढे सोन्याच्या साजाचे घोडे चालतात, आणि खेड्यातली माणसे मात्र अत्यंत हलाखीत आहेत, हे त्याच्या टिपणांतले चित्र फार बोलके आहे. शहरात इराण-खोरासानकडून आलेले आफाकी आणि इथले दख्खनी यांच्यातली चुरस टोकाला गेली होती. कोण कोणत्या पोशाखात, कोणत्या बाजूला उभा राहतो यावर माणसाचे नशीब ठरत असे. महमूद गावानसारख्या वजिराने १४७२ मध्ये तिथे भव्य मदरसा उभारला आणि नऊ वर्षांनी याच चुरशीत, बनावट पत्राच्या आरोपावरून, त्याचे डोके उडवले गेले.

अशा दरबारात लंगोटी नेसलेला माणूस थेट आत कसा आला? कथा ऐकताना आपण हा प्रश्न विचारत नाही, कारण त्याचे उत्तर जुन्या श्रोत्याला ठाऊकच होते. गावचा वसूल सरकारी खजिन्यात पोहोचवणे हे महाराचे काम होते. चिठ्ठी नेणे, थैली नेणे, वाट दाखवणे, सीमेच्या वादात साक्ष देणे, वेशीवर पहारा करणे, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे. घुंगुरकाठी ही त्याची ओळख होती. ज्याला घरात घेत नसत त्याच्या हाती गावाचा सगळा पैसा देत, आणि तो मुक्कामी पोहोचेल याची कोणाला शंका येत नसे. मंगळवेढा ते बिदर हे अंतर दोनशे किलोमीटरांच्या वर आहे. इतक्या लांब भरणा घेऊन आलेला महार हे दरबाराच्या दृष्टीने रोजचेच दृश्य. म्हणून विठ्ठलाला हाच वेष घ्यावा लागला. ब्राह्मण कारकुनाच्या किंवा सावकाराच्या वेषात तो आला असता तर चार प्रश्न विचारले गेले असते.

महिपतींना हे सारे बारकाईने माहीत होते. ते राहुरीजवळच्या ताहराबादचे, घराण्यात कुलकर्णीपण असलेले. गावाच्या दप्तरात महाराची कामे आणि त्याचा बलुत्यातला वाटा टिपणारा माणूस म्हणजे कुलकर्णी. त्यामुळे त्यांच्या कथेतला विठू पाडेवार, म्हणजे गावकामगार महार, उभा राहतो तो ऐकीव कल्पनेतून नव्हे. त्याचे लांब उभे राहणे, त्याचा जोहार, त्याचे बोलणे, सगळे पाहिलेले आहे. लेखक म्हणून त्यांच्या या नजरेला मी मनापासून दाद देतो. मात्र ज्याच्याकडे पाहून हे चित्र काढले तो माणूस त्या कथेत कुठेच नाही. मंगळवेढ्यात खरा महार असणार, त्याला त्या दुष्काळात मूठभर धान्य मिळाले की नाही हे कथा सांगत नाही. देव त्याचे कपडे घालून जातो, एका ब्राह्मण अंमलदाराची अब्रू वाचवतो, आणि कपडे उतरवून पुन्हा विटेवर उभा राहतो. ज्या विटेपर्यंत त्या महाराला जाऊ देत नसत, त्याच विटेवर.

आणि हे मंगळवेढे आहे. याच गावात, या कथेच्या शतकभर आधी, १३३८ मध्ये महार संतकवी चोखोबा, म्हणजे चोखामेळा, गावकुसाच्या कामावर वेठीला होते. कूस कोसळले आणि ते इतर मजुरांसह गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी ओळखल्या, कारण त्यांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते. त्या अस्थी पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर पुरल्या. मंदिराच्या बाहेर. चोखोबांच्या घरातली सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा ही सगळी कवी होती, आणि मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत तर देवालाच जाब विचारलेला आहे. म्हणजे महाराच्या तोंडून महाराची कथा सांगणारी माणसे त्याच गावाशी नाते असलेली, शंभर वर्षे आधी होऊन गेली होती. त्यांचे शब्द वारकऱ्यांच्या गाथांत टिकले. तरी लोकांच्या मनात सर्वांत ठसला तो महार म्हणजे महाराचा वेष घेतलेला देव.

मधल्या काळात एकनाथ येतात. १५३३ ते १५९९ हा त्यांचा काळ. त्यांच्या तीनशेच्या आसपास भारुडांपैकी चाळीसहून जास्त भारुडे महाराच्या तोंडची आहेत. जोहार घालणारा हा महार पाटलाला, ब्राह्मणाला, साऱ्या गावाला सुनावतो, मरणाची आणि हिशेबाची आठवण देतो. पैठणच्या एका विद्वान ब्राह्मणाने महाराचा आवाज घेऊन आपल्याच जातीला खडसावले, ही सोळाव्या शतकातली लहान गोष्ट नाही. नाथांनी महाराच्या घरी जेवल्याची, त्याच्या पोराला कडेवर घेतल्याची आख्याने आहेत. उसना आवाज घेताना त्यांनी स्वतःची जागा पणाला लावली. ज्यांच्याकडून काही घेतले त्यांच्या बाजूने उभे राहून वाद ओढवून घेतला. म्हणून मला नाथांचा महार आणि महिपतींचा महार एका मापाने मोजता येत नाहीत.

आजच्या भाषेत या साऱ्याला कॅरेक्टर डिझाइन म्हणतात. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत हा स्वतंत्र विभाग असतो. पात्र दुरून, नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखू आले पाहिजे, म्हणून डिझायनर संदर्भचित्रे गोळा करतो आणि त्यांतून पोशाख, दागिना, हत्यार, उभे राहण्याची ढब उचलतो. उरलेले टाकून देतो. घोंगडी, काठी, काळा दोरा: महिपतींनी नेमके हेच केले होते. फरक इतकाच की महिपती ज्याचे चित्र काढत होते तो त्यांच्याच गावात राहत होता.

१९९१ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर २’ बाजारात आणला. त्यातला धालसिम हा भारतीय योगी. हाडकुळा देह, अंगावर भगव्या चिंध्या, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, आणि रबरासारखे लांबणारे हातपाय. त्या कवट्या त्याच्या गावात साथीने मेलेल्या मुलांच्या आहेत, असे गेमच्या कथेत सांगितले आहे. हात लांबवण्याची कल्पनाही भारतातून आलेली नाही. १९७६ च्या एका कुंगफू चित्रपटात लांबणाऱ्या हातांचा भारतीय योद्धा होता, त्याच्यावरून ती उचलली. उसन्यावरून उसने घेतलेले हे पात्र जगभरच्या कोट्यवधी मुलांच्या मनात भारत म्हणून बसले. माझ्या पिढीतल्या पोरांनी गल्लीतल्या व्हिडिओ पार्लरमध्ये नाणी टाकून त्याच्याशी झुंजी केल्या आणि त्याला आपला मानले, कारण पडद्यावर आपला असा दुसरा कोणी नव्हता.

पुढे देवांची पाळी आली. २००९ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन २ साठी हैदराबादच्या एका कंपनीने ‘हनुमान: बॉय वॉरियर’ केला. खेळणाऱ्याच्या बोटांनी देव हलवायचा, यावर अमेरिकेतले हिंदू पुढारी राजन झेड यांनी जाहीर आक्षेप घेतला. २०१२ मध्ये ‘स्माइट’ या गेममधल्या कालीच्या तोकड्या पोशाखावर ओरड झाली. २०१६ मध्ये ब्लिझार्ड कंपनीच्या ‘ओव्हरवॉच’मधल्या सिमेट्रा या पात्राला देवीचा पोशाख दिला गेला, त्यावर पुन्हा निषेध. ही सिमेट्रा कथेनुसार हैदराबादची, म्हणजे बिदरपासून काही तासांच्या वाटेवरची. त्याच्या पुढच्या वर्षी आलेल्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ने होयसळांची शिल्पे, बेलूर-हळेबिडूची नावे आणि सह्याद्रीची झाडी घेतली. त्यातल्या अर्धभारतीय नायिकेला आवाज होता एका गोऱ्या ऑस्ट्रेलियन अभिनेत्रीचा. यावर चर्चा झाली.

या तक्रारी खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. कालीचे जे केले गेले ते उथळ होते. पण सगळ्या यादीकडे नीट पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत खुपते. देवाचे रूप परक्याने घेतले की निषेधाची पत्रके निघतात. माणसाचे रूप घेतले की फार तर चर्चा होते. धालसिमच्या गळ्यातल्या मेलेल्या मुलांबद्दल, गरिबीची गळ्यात घालायची वस्तू केल्याबद्दल, देवांसाठी निघाली तशी पत्रके निघाली नाहीत. महिपतींच्या कथेतही अडीचशे वर्षे श्रोत्यांनी देवाच्या थोरवीकडे पाहिले. त्याने कोणाची घोंगडी पांघरली होती, हा प्रश्न न विचारलेलाच राहिला.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संघाने २०२० मध्ये ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम आणला, तेव्हा मला फार आनंद झाला होता. राजस्थानी आणि पहाडी चित्रांचे रंग, दुर्गा आणि विष्णूचे निवेदन, आणि असुरांशी लढणारी एक मुलगी. परदेशी चष्मा उतरवून आपल्या माणसांनी आपली गोष्ट सांगितली होती. राजी आणि तिचा भाऊ गोलू ही अनाथ, फिरस्त्यांच्या खेळात वाढलेली मुले. खांबांवर चढणे, हवेत कोलांटी घेणे, दोरावरून जाणे हे तिचे बळ. हे बळ आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या डोंबारी-कोल्हाटी समाजाच्या मुलींच्या अंगात होते. त्याच बळाबद्दल त्यांना इंग्रजांनी गुन्हेगार ठरवले आणि समाजाने पाल टाकायला जागा दिली नाही. पुण्यातल्या कलावंतांनी तिला मनापासून नायिका केले, यात शंका नाही. तिच्या जातभाईंपैकी कोणी त्या संगणकासमोर बसले असते तर राजी कशी दिसली असती, हे पाहायला मला फार आवडेल.

बिदरच्या मातीत दुसऱ्याचे रूप घेण्याचे आणखी काही नमुने आहेत आणि ते वेगळे निघाले, हे इथे सांगितले पाहिजे. शहराबाहेर अष्टूरला अहमदशहा वलीची कबर आहे. इराणच्या किरमानमधल्या शाह नियामतुल्लांना मानणारा, त्यांच्या घराण्याला इथे आणून बसवणारा हा सुलतान. दुष्काळात त्याने टेकडीवर जाऊन दुआ मागितली आणि पाऊस आला, म्हणून लोक त्याला वली म्हणू लागले. त्याच्या घुमटाच्या आतल्या रंगीत भिंती आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. लिंगायत भाविक मात्र त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. बाराव्या शतकात जवळच्याच कल्याणात, आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांच्या अनुभवमंटपाचे अध्यक्षपद भूषवणारे अल्लमप्रभू. सुलतानाचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो आणि त्याचा पहिला मान कलबुर्गीकडच्या माड्याळच्या जंगमाचा. तो आपल्या लोकांसह चालत येतो, शंख फुंकतो, नारळ फोडतो, कबरीवर फुले वाहतो. सुलतानाला अल्लमप्रभूंचे रूप मिळाले, पण अल्लमप्रभूंच्या माणसाला त्या घुमटाच्या आत हक्काची जागाही मिळाली. शतके गेली, निजामशाही आली आणि गेली, हा हक्क चालत राहिला. मुजावर आणि जंगम एकाच चौकटीत उभे राहतात.

बहमनी घराण्याशी नाते सांगणारा शाह मुंतोजीही इथलाच. कल्याणीच्या सहजानंदांचा तो शिष्य झाला, मृत्युंजय हे नाव घेतले आणि ‘सिद्धसंकेतप्रबंध’ यांसारखे ग्रंथ मराठीत लिहिले. त्याची समाधी बसवकल्याणजवळच्या नारायणपूरला आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकात त्याच्यासारख्यांना मराठी वाचकांसमोर आणले. राजघराण्याशी नाते सांगणाऱ्या माणसाने योग्याची वस्त्रे घातली ती दरबारापुरती नव्हे. तो त्या वस्त्रांत जगला, त्याच मठाच्या भाषेत लिहिले आणि तिथेच पुरला गेला.

आता विठूकडे परत. मंगळवेढ्याच्या खऱ्या महाराने, म्हणजे त्याच्या जातभाईंनी, ही कथा गप्प बसून ऐकली असे समजणे चूक ठरेल. त्यांनी बिदरच्याच दरबारातली दुसरी कथा रचली. तिचा नायक अमृतनाक, काही ठिकाणी अंबरनाक. बादशहाची बेगम शत्रूच्या हाती सापडते, आणि तिला सोडवून आणण्याची कामगिरी अमृतनाकावर येते. निघण्यापूर्वी तो एक बंद डबी बादशहाकडे ठेव म्हणून देतो. जिवावर उदार होऊन तो बेगमेला सुखरूप परत आणतो. दरबारातले लोक कुजबुजतात: इतके दिवस वाटेत बेगमेसोबत एकटा होता. अमृतनाक डबी उघडायला सांगतो. आत त्याने निघण्यापूर्वीच कापून ठेवलेले स्वतःचे पुरुषत्व असते. बादशहा काय हवे ते माग म्हणतो. अमृतनाक स्वतःसाठी काही मागत नाही. आपल्या जातीसाठी बावन्न हक्कांची सनद मागतो आणि घेऊन येतो.

या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. दरबार तोच, बादशहा तोच, विश्वासाने सोपवलेली कामगिरी तीच. एकीत देव महार होतो आणि पैसे मोजून जातो. दुसरीत महार महारच राहतो, किंमत स्वतःच्या देहाने चुकवतो, आणि मोबदला लिहून घेतो. विठूच्या हाती पावती मिळाली ती दामाजीच्या नावाची होती. अमृतनाकाची सनद त्याच्या लोकांच्या नावाची होती. ज्यांचे रूप उचलले गेले त्यांनी स्वतःचे पात्र स्वतः घडवले, आणि त्याला असा घाव दिला की ऐकणाऱ्याला मान खाली घालावी लागते. मराठी लोककथांत यापेक्षा भेदक उत्तर मला माहीत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात या परंपरेची दखल घेतली आहे. बिदरच्या मुसलमान राजांनी बावन्न हक्क दिले असे महार सांगतात, याचा अर्थ ते हक्क फार जुने होते आणि बिदरच्या राजांनी त्यांना मान्यता दिली, एवढाच होऊ शकतो, असे त्यांनी मांडले. गावाकडून भाकरी मागण्याचा, सुगीला धान्य घेण्याचा, मेलेले जनावर नेण्याचा हक्क हे त्यांतले मुख्य. तो ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. अमृतनाकाच्या कथेतला अभिमान त्यांना कळत होता, तसाच तिच्यातला सापळाही. कारण मेलेल्या जनावराचा हक्क म्हणजे ते ओढून नेण्याची सक्तीही. भाकरीचा हक्क म्हणजे दारोदार हात पसरणे. सरकारी भरण्याच्या मानाबरोबर वेठ आली, रात्री-अपरात्री अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे आले. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्यात हीच चौकट पक्की केली. ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, आणि पुढची कित्येक वर्षे महार वतनाचा प्रश्न लावून धरला. वतनाच्या जमिनीचा लोभ सोडा, असे त्यांना आपल्याच लोकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. बिदरच्या सनदेची आठवण ज्यांच्या घरात अभिमानाने जपली होती, त्यांना ती सनद सोडून द्या म्हणणे किती कठीण गेले असेल.

पंढरपुरात मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले आणि त्या वर्षी विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्यांना उघडली. ज्याने दरबारात महाराचे रूप दाखवले असे कीर्तनांतून सांगितले जात होते, त्याचे दर्शन महाराला तेव्हा मिळाले. तोवर पुष्कळांनी पाठ फिरवली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. पुढच्याच महिन्यात भाषावार प्रांतरचनेत जुना बिदर जिल्हा फुटला: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले, बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. कथेतला दरबार एका राज्यात राहिला आणि मंगळवेढे दुसऱ्यात.

महाराची वतने मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने रद्द केली. बिदर-कलबुर्गीच्या बाजूला वंशपरंपरेची गावकामगिरी म्हैसूर राज्याच्या १९६१ च्या कायद्याने संपली. घोंगडी पांघरून, घुंगुरकाठी हाती घेऊन दुसऱ्याचा भरणा दुसऱ्याच्या खजिन्यात पोहोचवण्याचे काम त्यानंतर कायद्याने कोणाच्याही जन्माला बांधलेले राहिले नाही.